नजर कुठे जाते : एका व्हिडिओ सेवेच्या चित्रदर्जाचे परीक्षण

मैफलीचे चित्रण चालू होते. मंचावर एकच गायिका, तिच्या मागे गडद निळा, जवळजवळ काळाच वाटणारा पडदा, आणि कॅमेरा बराच वेळ एका जागी थांबलेला. शेजारी बसलेली आई थोड्या वेळाने म्हणाली, “त्या पडद्यामागे कोणी उभं आहे का गं? मघापासून काहीतरी हलतंय.” पडद्यामागे कोणीही नव्हते. हलत होते ते चित्र लहान करून, म्हणजे त्यातली माहिती घटवून (यालाच कॉम्प्रेशन म्हणतात), पाठवताना उरलेले ठोकळे. पडद्याच्या गडद भागातले चौकोन दर काही सेकंदांनी आपली जागा आणि छटा किंचित बदलत होते आणि आईची नजर गायिकेच्या चेहऱ्यावरून पुन्हा पुन्हा तिकडे ओढली जात होती. आईला कॉम्प्रेशन म्हणजे काय हे ठाऊक नाही, म्हणूनच तिचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. चित्र खराब आहे अशी तक्रार तिने केलीच नाही. जे नाही ते तिला दिसले आणि जे पाहायला आम्ही बसलो होतो त्यावरून तिचे लक्ष उडाले.

हे परीक्षण ज्या वर्गणीच्या व्हिडिओ सेवेचे आहे तिचे नाव मुद्दाम दिलेले नाही. येथे लावलेल्या कसोट्या वाचकांना आपापल्या सेवेला लावून पाहता याव्यात, एवढाच हेतू आहे. चार आठवडे मी ही सेवा टीव्ही, लॅपटॉप आणि मोबाइल अशा तीन स्क्रीनवर वापरली. मैफल, मुलाखत, क्रिकेटचा सामना, जुना कृष्णधवल चित्रपट आणि फळ्यावर लिहून दिलेले व्याख्यान असे पाच प्रकारचे कार्यक्रम प्रत्येकी दोनदा पाहिले : एकदा दर्जा ‘ऑटो’वर ठेवून आणि एकदा ‘उच्च’वर कायम करून. टीव्हीसमोर त्याच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरावर बसले, कारण १०८० रेषांच्या चित्रासाठी तेच अंतर योग्य मानले जाते. त्याआधी टीव्हीचे ‘शार्पनेस’ शून्यावर आणले. हे सर्वांनीच करावे असे मी सांगेन, कारण कृत्रिम धार लावणारी ही सोय चित्रातल्या खऱ्या कडांबरोबर ठोकळ्यांच्या कडाही उठावदार करते, आणि मग दोष सेवेचा की टीव्हीचा हे कळेनासे होते.

चित्र लहान करून पाठवण्यावाचून कोणत्याही सेवेला गत्यंतर नाही, हे आधी मान्य करायला हवे. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे, सेकंदाला २५ चौकटींचे (एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांचे), रंगांची माहिती आधीच घटवलेले साधे ८ बिटांचे चित्र जसेच्या तसे पाठवायचे म्हटले तर सेकंदाला सुमारे ६२ कोटी बिट लागतात. या सेवेत चालू बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट येत आहेत हे, दाखवणारी माहितीची चौकट स्क्रीनवर उघडता येते (ही सोय ठेवल्याबद्दल तिचे मनापासून कौतुक करते), आणि तिच्यात १०८०च्या चित्रासाठी बहुतेक वेळा सेकंदाला ५० लाख बिटांच्या आसपासचा आकडा दिसत होता. म्हणजे मूळ माहितीचा साधारण सव्वाशेवा हिस्सा आपल्यापर्यंत पोहोचतो. बराचसा भाग एका चौकटीतून दुसरीचा अंदाज बांधून वाचवला जातो, पण उरलेला टाकूनच द्यावा लागतो. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाचे ढोबळ आणि बारीक चढउतारांत विश्लेषण करायचे आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक चढउतार सोडून द्यायचे, ही रीत नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली मांडलेल्या गणितावर आजही उभी आहे. तेव्हा माहिती टाकली का, असा प्रश्न मी विचारत नाही. ती कुठली टाकली आणि त्यामुळे पाहणाऱ्याची नजर कुठे गेली, एवढेच मला तपासायचे होते.

डोळा संपूर्ण स्क्रीन एकसारखी पाहत नाही. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढाच भाग एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो. बाकीचे सारे अंधुक असते आणि नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारत त्या अंधुक भागातून पुढची जागा निवडत असते. ही निवड करताना ती कडा, उजेड-अंधारातला फरक, हालचाल आणि अचानक होणारा बदल यांकडे ओढली जाते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या पेशी ठरावीक दिशेच्या कडांना प्रतिसाद देतात हे दाखवले आणि १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कॉम्प्रेशनने पडलेला ठोकळा नेमकी अशीच कड चित्रात आणून ठेवतो : सरळ, आडवी-उभी, आणि मूळ दृश्यात कुठेही नसलेली.

यावरून या सेवेतले दोष पाहताना मला त्यांचे दोन वेगळे स्वभाव जाणवले. काही दोष चित्रात नसलेले काहीतरी घालतात : ठोकळे, आकाशातले पट्टे, अक्षरांभोवतीची भिरभिर. हे नजर ओढून घेतात. काही दोष चित्रातले काहीतरी काढून घेतात : त्वचेचा पोत, केसांच्या बटा, गवताची पाती. यांमुळे नजर ओढली जात नाही. उलट तिला धरून ठेवणारे काही उरत नाही. तक्रार करताना आपण दोन्हींना ‘चित्र फुटतंय’ असे एकच नाव देतो, पण पाहणाऱ्यावर होणारा त्यांचा परिणाम उलट दिशेचा असतो, आणि ही सेवा दुसऱ्या प्रकारात बरी असून पहिल्या प्रकारात कमी पडते.

मैफलीच्या त्या पडद्याकडे पुन्हा येते, कारण सेवेची सर्वांत मोठी उणीव तिथेच उघडी पडते. ८ बिटांच्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जास्तीत जास्त २५६ पायऱ्या असतात, आणि व्हिडिओच्या प्रचलित पद्धतीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरला जात असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी वापरल्या जातात. अगदी गडद भागाच्या वाट्याला त्यांपैकी जेमतेम वीस-पंचवीस येतात. पडद्यावर दिव्याचा हलका उजेड वरून खाली विरत जात होता आणि तो दाखवायला एवढ्याच पायऱ्या हाताशी होत्या. त्यातही कॉम्प्रेशन करणाऱ्या प्रणालीच्या लेखी सपाट गडद भाग म्हणजे ‘येथे काही नाही’ असा असतो, म्हणून सगळ्यांत जास्त कात्री तिथेच लागते. मी चित्र थांबवून स्क्रीनजवळ जाऊन पाहिले. गायिकेच्या खांद्यापासून वर, जिथे उजेडाची एकसंध साय असायला हवी होती, तिथे तीन पट्टे होते आणि प्रत्येक पट्ट्याची कड जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची होती. दोन सपाट छटा शेजारी आल्या की आपला डोळा त्यांच्यातली सीमारेषा आहे त्याहून ठळक करून दाखवतो, हे एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्येच वर्णिले होते. म्हणजे आकड्यांत एका पायरीचा असलेला फरक डोळ्याला रेघ होऊन दिसतो.

थांबलेल्या चित्रात हे पट्टे कुरूप दिसतात, पण चालू चित्रात ते अधिक वाईट ठरतात. चित्रप्रवाहात ठरावीक अंतराने एक चौकट संपूर्ण नव्याने पाठवली जाते आणि अशा दोन चौकटींच्या मधल्या चौकटींसाठी केवळ बदल कळवले जातात. मधल्या काळात पडद्याचे ठोकळे आधीच्या चौकटीवरून उचलून ठेवले जातात. नवी संपूर्ण चौकट आली की त्यांची वाटणी नव्याने होते, आणि सगळा पडदा एकदम श्वास घेतल्यासारखा हलतो. नजरेच्या कडेचा भाग बारकावे टिपण्यात दुबळा असला तरी हालचाल आणि लुकलुक टिपण्यात तरबेज असतो. आई गायिकेकडे पाहत असताना तिच्या डोळ्याच्या कडेला दर दोन-अडीच सेकंदांनी ही हालचाल होत होती आणि डोळा आपले काम चोख बजावत होता. मागे काही हलले की वळून पाहायचे, हे त्याला शिकवावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तीच मैफल दर्जा ‘उच्च’वर कायम करून लावली. पट्टे पूर्ण गेले नाहीत, पण त्यांच्या कडा विरल्या आणि पडद्याचा श्वास थांबला. आईला मी काहीच सांगितले नव्हते. या वेळी ती बोलली ती गायिकेच्या हाताबद्दल : तान घेताना तिचा डावा हात आधी उघडतो आणि मग आवाज वर जातो. तो हात आदल्या दिवशीही तिथेच होता.

एवढे सांगितल्यावर, दोष दिसला की नजर हटतेच असा समज मात्र होऊ नये. नजरेचा माग घेणाऱ्या उपकरणांनी झालेल्या अभ्यासांत असे आढळले आहे की, सगळ्या चित्रावर सारखेच पसरलेले कॉम्प्रेशनचे दोष त्रासदायक वाटले तरी मोकळेपणाने पाहणाऱ्यांच्या नजरेची वाटचाल त्यांनी फारशी बदलत नाही. माणसांचे चेहरे, बोलणारे ओठ आणि कथेतली घडामोड यांची पकड मजबूत असते. माझा अनुभवही तसाच आहे. मुलाखतीचा कार्यक्रम ‘ऑटो’वर पाहताना पाहुण्याच्या मागच्या भिंतीवर पट्टे होते, पण संभाषण रंगल्यावर ते कोणाच्याही ध्यानात आले नाहीत. चेहऱ्यावर ही सेवा बिट हात राखून खर्च करत नाही, हेही तिथे दिसले : डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या आणि ओठांच्या कडा शाबूत होत्या. दृश्यात पकड घेणारे काही नसते, कॅमेरा स्थिर असतो आणि दोष चित्राच्या एकाच कोपऱ्यात साचतो, तेव्हा त्याचे फावते. मैफल, निसर्गचित्रण, रात्रीचे संथ प्रसंग असे जे कार्यक्रम प्रेक्षकाच्या शांत लक्षावरच उभे असतात, त्यांच्यावर या दोषाचा घाला सर्वांत आधी पडतो, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते.

माझी स्वतःची नजर या कामात भरवशाची नाही, हेही नोंदवायला हवे. आल्फ्रेड यार्बस या सोव्हिएत संशोधकाने एकच चित्र वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवले, तेव्हा त्याच माणसाची नजर प्रत्येक प्रश्नागणिक निराळ्या वाटेने फिरली. दोष शोधायला बसलेल्या माणसाला दोषच दिसतात. म्हणून या परीक्षणात जिथे निकाल दिला आहे, तिथे तो घरातल्या इतरांनी न विचारता काय म्हटले यावर बेतलेला आहे.

दर्जा आपोआप बदलण्याची पद्धत हा या सेवेचा दुसरा कच्चा दुवा आहे. इंटरनेटचा वेग कमी-जास्त होतो त्यानुसार काही सेकंदांच्या तुकड्यांत विभागलेला व्हिडिओ वरच्या किंवा खालच्या प्रतीचा निवडला जातो. चित्र थांबून चाक फिरत राहण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. पण हा बदल प्रसंगाच्या मधोमध होतो. दोन पात्रे बोलत असताना अचानक मागच्या कपाटातल्या पुस्तकांच्या पाठीवरची अक्षरे उमटली, आणि घरातल्या तिघांपैकी दोघांनी पुस्तकांकडे पाहिले. चित्र सुधारले होते, तरी संवादाचे एक वाक्य हातचे गेले. चित्राचा कट होतो तेव्हा काही क्षण डोळा बारकाव्यांबाबत उदासीन असतो, त्यामुळे हाच बदल कटच्या जागी झाला असता तर बहुधा कोणालाच कळला नसता. तुकडे ठरावीक लांबीचे कापण्याऐवजी शक्य तिथे कटच्या जागी कापले तर हा त्रास बराच कमी होईल, आणि ते करणे तंत्रदृष्ट्या अवघड नाही. वारंवार वरखाली होणाऱ्या उत्तम चित्रापेक्षा एकाच पातळीवर टिकणारे मध्यम चित्र मी केव्हाही पसंत करेन.

क्रिकेटच्या सामन्याने मला चकित केले. चेंडूमागे कॅमेरा वेगाने फिरतो तेव्हा गवताचा पोत साफ पुसला जातो आणि मैदान हिरव्या रंगाने सारवल्यासारखे दिसते, तरीही ते कोणाला खटकत नाही, कारण नजर चेंडूच्या मागे लागलेली असते. कॅमेरा थांबला की मात्र अर्ध्या सेकंदात सगळे गवत जमिनीतून एकदम उगवते. ती उगवण चुकवणे अशक्य आहे. क्षेत्ररक्षकाने चेंडू कसा उचलला हे पाहण्याच्या ऐन वेळी डोळा हिरवळीवर घरंगळतो. ‘उच्च’ दर्जातही हा दोष जात नाही, फक्त सौम्य होतो.

फळ्यावरच्या व्याख्यानाबाबत माझे मत अधिक कडक आहे. वाचताना नजर अक्षरावरच टेकलेली असते, त्यामुळे तिथला दोष दृष्टीच्या सर्वांत तीक्ष्ण भागात येतो आणि त्याला टाळून दुसरीकडे पाहण्याची सोय नसते. ‘ऑटो’मध्ये प्रत्येक अक्षराभोवती बारीक ठिपक्यांची भिरभिर होती, जणू शाईवर चिलटे बसली आहेत. रंगीत अक्षरांची गत त्याहून वाईट. बहुतेक व्हिडिओत रंगांची माहिती उजेडाच्या माहितीच्या एक चतुर्थांश बिंदूंवरच साठवली जाते. चेहरे आणि झाडे यांना ते चालून जाते, पण निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत लिहिलेले सूत्र कडांनी ओघळल्यासारखे दिसते. त्यातला घातांक २ आहे की ३ हे ठरवायला मला तीनदा चित्र थांबवावे लागले. अर्ध्या तासात डोळे शिणले आणि शिक्षक काय सांगत होते याचा धागा सुटला. शिकण्यासाठी ही सेवा घेणार असाल, तर ‘डेटा सेव्हर’ चुकूनही चालू ठेवू नये.

जुन्या कृष्णधवल चित्रपटांत या सेवेने वेगळीच चूक केली आहे. फिल्मच्या चित्रात रुपेरी कणांची सतत चुळबुळ असते. प्रत्येक चौकटीत ती नवी असल्याने तिचा अंदाज बांधता येत नाही आणि बिट भराभर संपतात, म्हणून सेवेने ते कण आधीच गाळून टाकले आहेत. परिणामी चेहरे मेणाचे झाले. शिवाय हे कण छटांमधल्या पायऱ्या झाकण्याचे काम करत असत. ते गेल्यावर धुक्याच्या दृश्यात पट्टे उघडे पडले. २०१८ साली आलेल्या एव्ही-वन या कोडेकमध्ये (व्हिडिओ लहान करण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीत) कण गाळून त्यांचे केवळ वर्णन पाठवायचे आणि प्रेक्षकाच्या उपकरणावर तसेच कण पुन्हा पेरायचे, अशी सोय आहे. माहितीच्या चौकटीत या चित्रपटांपुढे २००३चा एच.२६४ हाच जुना कोडेक दिसतो. तो सर्वत्र चालतो म्हणून ठेवला असेल हे समजू शकते, पण नवी उपकरणे वापरणाऱ्यांना तरी नवी प्रत मिळायला हवी.

मोबाइलवर बोलण्यासारखे फार नाही. स्क्रीन लहान असल्याने बहुतेक दोष डोळ्याच्या पकडीखाली जातात आणि सगळे दृश्य नजरेच्या दोन-तीन उड्यांत मावते. तिथे ‘ऑटो’ खुशाल ठेवावे.

पडद्याच्या दोषाबद्दल मी सेवेच्या मदतकक्षाला लिहिले. पहिल्या उत्तरात इंटरनेटचा वेग तपासण्यास सांगितले गेले. बिटरेटचे आकडे आणि दोषाची नेमकी वेळ कळवल्यावर दुसरे उत्तर आले : ती प्रत सरासरी दर्जाच्या मोजमापात उत्तीर्ण झालेली आहे. यात खोटे काही नाही, पण अडचण नेमकी याच सरासरीत आहे. संपूर्ण चौकटीची आणि संपूर्ण कार्यक्रमाची गोळाबेरीज केली, की तीन चतुर्थांश चांगल्या भागाखाली एक हलणारा कोपरा सहज झाकला जातो. प्रेक्षक सरासरी पाहत नाही, तो त्या कोपऱ्याकडे पाहतो. नंतर त्यांनी ती मैफल १० बिटांच्या प्रतीत, म्हणजे २५६ ऐवजी १०२४ पायऱ्यांत, देण्याचा विचार करू असे कळवले; हे परीक्षण लिहीपर्यंत तशी प्रत आलेली नाही.

मुलाखती, मालिका आणि सामने पाहणाऱ्यांनी ही सेवा निःशंकपणे घ्यावी. मैफली आणि जुने चित्रपट ज्यांना मनापासून पाहायचे आहेत, त्यांनी टीव्हीवर दर्जा ‘उच्च’ ठरवूनच पाहावे आणि खोलीत एखादा मंद दिवा स्क्रीनच्या मागे लावावा. भोवती थोडा उजेड असला की गडद भागातल्या पायऱ्या कमी जाणवतात. मी वर्गणी चालू ठेवली आहे. फक्त अ‍ॅपचे नवे रूप आले की दर्जा मुकाट्याने पुन्हा ‘ऑटो’वर जातो, चार आठवड्यांत असे दोनदा झाले, आणि दुसऱ्या वेळी ते लक्षात आले तेव्हा निम्मी मैफल होऊन गेली होती.